एसएलआरच्या साइटवर ६०० लिहिलंय, म्हणून गोळी ६०० ला लागते का?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातली गंमत राहावी म्हणून फार साफसफाई केलेली नाही.)

नाशिकमधून बोलतोय. हेडफोन लावले असतील तर उत्तम, नसतील तर आवाज जरा वाढवा, कारण आज थोडं गणित आहे. घाबरू नका, दहावीच्या पुढचं नाही.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आलाय. सिन्नरकडचा एक श्रोता आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. तो विचारतो, "दादा, गेममध्ये एसएलआरला सिक्स-एक्स लावली की चारशे मीटरवरचा गडी हेडशॉटला नॉक होतो. आमच्या क्लासचे सर म्हणतात, खरी एसएलआर तीनशेच्या पुढे भरवशाची नाही. पण साइटवर तर सहाशेपर्यंत आकडे असतात. मग खरं कोणाचं?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि उत्तर असं की सरांचंही खरं आहे आणि साइटवरचा आकडाही खोटा नाही. खोटी आहे ती आपली 'रेंज' या शब्दाची समजूत. तीच आज नीट सोडवू.

आधी ओळख. एसएलआर म्हटलं की आपल्या पिढीला कॅमेरा आठवतो. इथे एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, तिच्याच गॅसच्या जोरावर रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढची गोळी आपोआप आत येते. पुन्हा चाप ओढला की पुन्हा एक. याला म्हणतात सेमी-ऑटोमॅटिक. त्याआधीच्या थ्री नॉट थ्रीला प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागायचा. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान तीच थ्री नॉट थ्री घेऊन लढले.

भारतीय एसएलआरचं मूळ बेल्जियमच्या एफएन फाल या रायफलीत. तिचा ब्रिटिश अवतार होता एल१ए१. आपल्याकडे परदेशी नमुने समोर ठेवून स्वतःचं डिझाइन बेतलं गेलं, आणि ते काम केलं एआरडीईने, म्हणजे १९५८ साली पुण्याच्या खडकीत सुरू झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने. उत्पादन झालं बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत. नाव पडलं १ए१. १९७१ च्या युद्धात पायदळाच्या हातातली मुख्य रायफल हीच. नव्वदच्या दशकात सैन्यात इन्सास आली, पण पोलीस आणि निमलष्करी दलांत एसएलआर पुढे कित्येक वर्षं राहिली. त्यामुळे भरती होणाऱ्या पोरांच्या खांद्याला ती आजही लागते.

आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. गोळी ७.६२ मिलिमीटरची. रिकामी रायफल सव्वाचार किलोच्या वर. नळी साधारण ५३ सेंटीमीटर. मॅगझिनमध्ये २० गोळ्या. नळीतून सुटताना गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. आणि मागच्या साइटवर २०० ते ६०० पर्यंत आकडे.

आता मुद्द्याकडे. अचूकता दोन प्रकारची असते. एक, रायफलीची स्वतःची. ती शिकंज्यात घट्ट आवळली, वारा बंद केला, माणूस बाजूला केला, तर गोळ्या किती जवळजवळ पडतात? दुसरी, व्यवहारातली. जमिनीवर झोपलेला, दमलेला, घामेजलेला माणूस, साध्या लोखंडी साइटने, न मोजलेल्या अंतरावर, पहिली गोळी कुठे मारतो? या दोन्हींत फरक किती? डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालणारं अ‍ॅप आणि एसटीत बसून टूजी नेटवर्कवर चालणारं अ‍ॅप, इतका.

पहिली अचूकता बघू. नेमबाजीत ती मोजतात 'मिनिट'मध्ये. हे घड्याळातलं मिनिट नाही, अंशाचा साठावा भाग. सोपं लक्षात ठेवायचं तर १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे जवळपास तीन सेंटीमीटर. साध्या, रांगेतल्या एसएलआरचा साध्या गोळ्यांनी पडणारा गट साधारण तीन ते चार मिनिटांचा धरा. म्हणजे १०० मीटरवर दहा-बारा सेंटीमीटर, ३०० वर एक फुटाच्या आसपास, आणि ६०० वर दोन फुटांच्याही वर.

तुलना हवी? आपला स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण सुरुवातीच्या सरावाचा काळ आपल्या नाशिकचा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्य मिळवलं. त्या टार्गेटवरचा दहाचा गोल असतो १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण मिनिटाहून कमी. वाटाण्यापेक्षा जरासा मोठा. त्याच अंतरावर शिकंज्यात आवळलेली एसएलआर गोळ्या टाकेल लिंबाएवढ्या गोलात. दोन्ही रायफलीच, पण काम वेगळं. एक खेळातल्या गुणांसाठी घडवलेली, दुसरी चिखलात पडली तरी चालावी म्हणून.

एसएलआर जास्त अचूक का नाही? कारण तिच्या रचनेत अचूकतेपेक्षा भरवसा वरच्या नंबरला होता. तीन गोष्टी सांगतो.

एक, तिची बॉडी दोन भागांची. बंदूक मोडावी तशी ती बिजागरीवर उघडते. पुढची साइट नळीच्या बाजूला, मागची साइट खालच्या भागावर. वर्षानुवर्षं वापरून त्या जोडात किंचित ढिलाई आली की दोन साइटमधलं नातं बिघडतं. दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नसतील तर लॉग वाचून काय उपयोग, तसं.

दोन, पट्ट्याची पुढची कडी नळीशी जोडलेली. नेमबाज पट्टा हाताला आवळून आधार घेतात, पण इथे पट्टा ताणला की ताण थेट नळीवर येतो आणि गोळी पडण्याची जागा सरकते.

तीन, वरचं झाकण. ते पातळ पत्र्याचं आणि सरकवून काढता येणारं. दुर्बीण लावायची तर ती याच्याच जागी बसवावी लागते. ब्रिटिशांनी त्यांच्या रायफलीवर चारपट दाखवणारी साइट अशीच खास झाकणावर लावली होती. तिने दिसतं छान, पण गेममध्ये जशी स्कोप 'लागली की लागली', तसं इथे होत नाही. बूड हललं की सगळं हललं.

आता साइट आणि डोळा. एसएलआरच्या दोन साइटमधलं अंतर साधारण ५५ सेंटीमीटर. समजा पुढच्या साइटचं टोक मागच्या भोकाच्या मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं. तर ३०० मीटरवर गोळी २७ सेंटीमीटर बाजूला! साधं त्रैराशिक आहे. आणि ६०० वर? अर्ध्या मीटरहून जास्त. अर्धा मिलिमीटर, मंडळी. मोबाइलच्या स्क्रीनवर टेम्पर्ड ग्लास लावताना त्याहून मोठी चूक होते आपली.

आणि दिसतं किती? दीड फूट रुंदीचं टार्गेट ६०० मीटरवर उभं केलं तर ते दिसेल, हात लांब करून धरलेल्या पेन्सिलच्या पॉइंट फाइव्हच्या शिशाएवढं रुंद. त्यातही ते खाकी, मागे गवत खाकी. सिक्स-एक्स नाही, डोळाच आहे.

आता हवा. गेममध्ये गोळी खाली येते एवढं आपण शिकतो. पण तिथे वारा नसतो. मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. गोळीचा वेग हवेमुळे कसा घटतो त्याचा हिशोब टाकला. आकडे अंदाजे आहेत, पण चित्र स्पष्ट आहे.

३०० मीटर जायला गोळीला लागतो ०.४ सेकंद. तेवढ्यात नळीच्या सरळ रेषेपासून ती पाऊण मीटर खाली आलेली असते. ६०० मीटरला जवळपास एक सेकंद, आणि खाली येते सुमारे चार मीटर! अंतर दुप्पट, घसरण पाचपट. साइटवर आकडा बदलतो तो याच्याच भरपाईसाठी. पण आकडा बरोबर निवडायला आधी अंतर बरोबर ओळखायला हवं. टार्गेट २५० वर आहे आणि साइट ३०० ला लावली, तर गोळी दहा-बारा सेंटीमीटर वर. चालून जातं. टार्गेट ६०० ला आहे आणि आपल्याला वाटलं ५००, तर गोळी जवळपास एक मीटर खाली. संपलं.

आणि वारा. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा धरा. म्हणजे वादळ नव्हे, झाडाची पानं आणि बारीक काटक्या हलतात तेवढाच. ३०० वर गोळी सरकते २० सेंटीमीटर. ६०० वर जवळपास एक मीटर. आणि वारा पूर्ण वाटेवर सारखा कुठे असतो? आपल्यापाशी शांत, मधल्या ओढ्यावर जोरात, पलीकडे उलटा.

नाशिकरोड-देवळालीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. देवळालीला सैन्याचं तोफखान्याचं स्कूल आहे. तोफखान्यात वरच्या हवेचा वारा मोजायला फुगे सोडतात, हवेचं तापमान, दाब, सगळं हिशोबात घेतात. एवढं करूनही पहिला गोळा नेमका पडेलच असं कोणी धरून चालत नाही. लांबून बघणारा निरीक्षक सांगतो, इतकं डावीकडे, इतकं पुढे. मग दुरुस्ती. ज्यांचा धंदाच लांबचा मारा आहे ते असं काम करतात. रायफलवाल्याकडे ना फुगा, ना निरीक्षक, ना वेळ.

त्यात गोळ्याही सगळ्या जुळ्या बहिणी नसतात. आपल्या महाराष्ट्रातच, जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावला आयुध निर्माणी आहे, ७.६२ ची काडतुसं तिथे बनतात. कुठल्याही कारखान्यात लाखोंनी काडतुसं बनतात तेव्हा वेगात थोडा फरक राहणारच. सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर ३०० वर दोनच सेंटीमीटर वरखाली. ६०० वर नऊ-दहा. म्हणजे तीनशेच्या आत ज्या चुका लपून जातात, त्याच सहाशेला व्याजासकट वसूल होतात.

आता सगळ्यात मोठा भाग. माणूस.

सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅप स्लो झालं की नवखा माणूस जो कोड दिसेल तो सुधारत बसतो. अनुभवी माणूस आधी प्रोफाइल करतो. वेळ नक्की कुठे जातोय ते बघतो. रायफलीचं तेच करू.

स्वतंत्र चुका एकमेकांत सरळ मिळवायच्या नसतात. त्यांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, आणि वर्गमूळ काढायचं. पायथागोरससारखं. समजा रायफलीची चूक चार मिनिटं आणि कमी सराव असलेल्या माणसाची चूक दहा मिनिटं. चाराचा वर्ग १६, दहाचा १००. बेरीज ११६, वर्गमूळ साधारण १०.८. म्हणजे ३०० मीटरवर सगळ्या गोळ्या मिळून जवळपास ९४ सेंटीमीटरच्या गोलात.

आता आपण खूप पैसे घातले, नवी रायफल आणली, तिची चूक निम्मी केली. दोन मिनिटं. चार अधिक शंभर, १०४. वर्गमूळ १०.२. गोल झाला ८९ सेंटीमीटरचा. रायफल दुप्पट चांगली, आणि फायदा पाच सेंटीमीटर!

आता उलटं करा. रायफल तीच, म्हातारी. पण माणसाला शिकवलं, त्याची चूक दहावरून पाचवर आणली. १६ अधिक २५, ४१. वर्गमूळ ६.४. गोल थेट ५६ सेंटीमीटर.

हा आजच्या एपिसोडचा गाभा आहे. जुनी रायफल बहुतेक वेळा बॉटलनेक नसते. बॉटलनेक असतो तिच्या मागे झोपलेला माणूस, आणि त्याला दिलेला सराव. अर्थात एक वेळ अशी येते की माणूस इतका तयार होतो की रायफलच आड येते. स्वप्नीलसारख्याच्या हातात एसएलआर दिली तर ती त्याला अडवेल. पण तिथवर पोचणारे किती?

मग साइटवर ६०० का लिहिलं? कारण ती रायफल एकट्यासाठी बनलेलीच नव्हती. ब्रिटिश सैन्यात शिकवायचे की एकट्या जवानाने ३०० मीटरपर्यंत मारायचं. त्याच्या पुढे ६०० पर्यंत मारायचं ते पूर्ण सेक्शनने, म्हणजे आठ-दहा जणांनी एका हुकमावर एकाच जागेवर. तिथे 'माझी गोळी लागली का' हा प्रश्नच नसतो. तिथल्या माणसाला डोकं वर काढता येऊ नये, एवढाच हेतू. तोफखान्यासारखं. म्हणजे ६०० हा आकडा टीमचा आहे, खेळाडूचा नाही. आपण तो एकट्याच्या नावावर टाकतो आणि फसतो.

अमेरिकन सैन्याच्या ऑपरेशन्स रिसर्च ऑफिसने १९५२ साली याच प्रश्नावर अहवाल काढला होता. निष्कर्ष असा की प्रत्यक्ष लढाईत पायदळाच्या रायफलीचा उपयोग बहुतांशी ३०० यार्डांच्या आतच होतो, त्यापुढे परिणाम झपाट्याने घटतो. पुढे जग लहान, हलक्या गोळीकडे वळलं. आपली इन्सास ५.५६ ची आली ती त्याच लाटेत. आणि गंमत बघा, २०१९ साली भारताने अमेरिकेकडून सिग सॉअर ७१६ या ७२,४०० रायफली घ्यायचा करार केला. गोळी कुठली? परत ७.६२, एसएलआरचीच. डोंगरात, लांबच्या सीमेवर मोठ्या गोळीचा जोर हवा म्हणून. म्हणजे जुनी गोळी वाईट नव्हतीच. जागा आणि काम बघून हत्यार ठरतं.

आता हे सगळं आपल्याला का सांगतोय? कारण यात माणसांचे जीव अडकलेत. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान यांची समिती नेमली होती. पोलिसांकडचा दारूगोळा आणि गोळीबाराचा सराव कमी पडत होता, हे त्या समितीने नोंदवलं. त्यानंतर टीव्हीवर चर्चा काय झाली? पोलिसांच्या बंदुका किती जुन्या. ती चर्चा बरोबरच होती. जवळच्या अंतरावर, गर्दीत, एके-४७ समोर जुनी रायफल तोकडीच पडते. पण आपल्या वर्गमुळाचा हिशोब आठवा. नवी रायफल दिली आणि सरावाच्या गोळ्या दिल्या नाहीत, तर ९४ चे ८९ होतात. फोटो छान येतो, गोल तेवढाच राहतो.

आणि रस्त्यावर हुकलेली गोळी हवेत विरून जात नाही. ७.६२ ची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. रेंजवर तिच्यामागे मातीचा बंधारा असतो. वस्तीत तिच्यामागे कोणाचं तरी घर असतं. म्हणून पोलिसाच्या बाबतीत खरी अचूकता म्हणजे लांबचं टार्गेट पाडणं नाही. माझी लायकी अमुक मीटरची आहे, त्यापुढे मी चाप ओढणार नाही, हे ठाऊक असणं. हा आकडा साइटवर छापून येत नाही. तो प्रत्येकाला रेंजवर घाम गाळून स्वतःचा स्वतः शोधावा लागतो.

तर सिन्नरच्या भावा, तुझ्यासाठी. भरतीच्या मैदानात शंभर मीटर धावतोस ना? तेवढं अंतर तीनदा, एकापुढे एक डोळ्यांसमोर ठेव. तेवढ्या लांबवर, झोपून, आधार घेऊन, शांत श्वासाने छातीएवढं टार्गेट दर वेळी लागलं, तर तू आणि तुझी म्हातारी एसएलआर दोघंही उत्तम आहात. चारशेच्या मैदानाला दीड फेरी म्हणजे सहाशे. ते एकट्याचं काम नाही. सर बरोबर आहेत. त्यांना नमस्कार सांग.

आणि तयारी आजपासून करायची असेल तर एसएलआर लागत नाही. ती तशीही सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही, त्या वाटेला जायचंच नाही. कॉलेजात असाल तर एनसीसीत पॉइंट टू टूची रायफल मिळते. शहरात असाल तर एअर रायफलची क्लबं आहेत, दहा मीटरवर. तिथे जे शिकाल तेच तीनशेवर लागतं. श्वास, चापावरचं बोट, साइटवर नजर. नेमबाज तर गोळी न भरताच तासन्‌तास सराव करतात. प्रशिक्षक नळीवर नाणं ठेवतात आणि सांगतात, चाप ओढ, नाणं पडता कामा नये. फुकटचा सराव आहे, आणि वर्गमुळातला मोठा आकडा तोच कमी करतो.

जाता जाता एक शब्द. फौजेच्या आणि पोलिसांच्या हिंदीत नेम धरण्याला म्हणतात 'शिस्त लेना'. उस्तादांचा हुकूम असतो, शिस्त लो. आपल्या मराठीत शिस्त म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. मला वाटतं एसएलआरच्या अचूकतेबद्दलचं निम्मं पुस्तक या एका शब्दात आहे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. गणितात कुठे शंका असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आणि भरतीची तयारी करणारा कोणी मित्र असेल तर त्याला हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.